२०३२ पर्यंतची बॅटरी

परवा सकाळी आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, पाण्याची टाकी धुण्याची सूचना आणि कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीची चौकशी यांच्या मधोमध, एक गंभीर निवेदन झळकले : ‘दुसऱ्या मजल्यावरील जुन्या संगणकास कोणीही आपला पेनड्राइव्ह लावू नये. व्हायरसचा प्रादुर्भाव आहे. – एक हितचिंतक.’ दुसऱ्या मजल्यावर जुना संगणक एकच आहे आणि तो माझा आहे. निवेदनाखाली अकरा जणांनी हात जोडले होते, एकाने वेळीच सावध केल्याबद्दल आभार मानले होते, आणि ज्या बाईंनी गेल्याच महिन्यात आपल्या वडिलांची छायाचित्रे माझ्याकडून स्कॅन करून नेली होती, त्यांनी ‘मग आता आमच्या फोटोंचे काय करायचे?’ असा काळजीचा प्रश्न टाकला होता. हितचिंतकाने नाव लिहिले नव्हते. पण व्हॉट्सअ‍ॅप ते आपणहून दाखवते, ही बाब तिसऱ्या मजल्यावरच्या नानांच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

हा संगणक मी हौसेखातर जपलेला नाही. माझ्याकडे निगेटिव्ह स्कॅन करणारे एक यंत्र आहे, ते उत्तम चालते, आणि त्याच्या निर्मात्याने त्याचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते यंत्र चालवायला शिकवणारा प्रोग्राम, विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीपर्यंत लिहून मग त्या मॉडेलवरून कायमचे हात झटकले. नव्या संगणकांवरच्या चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये त्या काळचा बत्तीस बिटांचा ड्रायव्हर चालत नाही, म्हणजे चालतच नाही, तिथे विनवण्यांना वाव नसतो. नव्या संगणकावर आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आतला खोटा संगणक, उभारून त्यात एक्सपी बसवण्याचाही प्रयोग मी केला. तिथे स्कॅनर ओळख देतो, दोन फ्रेम स्कॅन करतो आणि तिसरीच्या अर्ध्यात जोडणी तोडून निघून जातो. म्हणून तो जुना, करड्या रंगाचा, पंख्याचा आवाज करणारा संगणक कोपऱ्यातल्या टेबलावर अद्याप आहे.

विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि ८ एप्रिल २०१४ रोजी तिच्या सुरक्षेची जबाबदारी मायक्रोसॉफ्टने सोडली. त्या तारखेला संगणक बंद पडतो असा पुष्कळांचा समज असतो. तो बंद पडत नाही. फक्त त्यानंतर सापडणारी नवी फट बुजवायला सहसा कोणी येत नाही. हे मला ठाऊक असल्यामुळे मी त्या यंत्राला जवळजवळ विजनवासात ठेवले आहे. इंटरनेटची तार काढली आहे. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागे होणाऱ्या मूळ व्यवस्थेत, जाऊन नेटवर्क कार्डही बंद केले होते, परंतु मदरबोर्डवरची बॅटरी संपली की बायॉसमधले सगळे निर्बंध पुसले जाऊन यंत्र पुन्हा पहिल्या दिवसासारखे निरागस होते, हे अलीकडेच कळल्यापासून माझा विश्वास उरला आहे तो काढलेल्या तारेवर. रोजचे काम मर्यादित अधिकारांच्या खात्यातून करतो, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कधी बसत नाही. फाइलींच्या नावांची ‘जेपीजी’, ‘ईएक्सई’ अशी शेपटे दिसतील अशी व्यवस्था केली आहे, कारण ती लपवून ठेवण्याची विंडोजची मूळ खोड म्हणजे सोंगाड्यांना दिलेला रंगमंचच आहे. संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब नक्कल, एका बाहेरच्या डिस्कवर काढून कपाटात ठेवली आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्कॅन केलेली छायाचित्रे बाहेर जातात ती एरवी फक्त कोऱ्या सीडीवर. सीडी बाहेर जाते, परत येत नाही. आत काहीही यायचे नाही, हा त्या टेबलाचा एकमेव कायदा आहे आणि तो गेली अनेक वर्षे अबाधित होता.

मग नाना आले.

नानांना त्यांच्या लग्नाच्या निगेटिव्ह स्कॅन करून हव्या होत्या. पाकीट टेबलावर ठेवून ते खुर्चीत स्थिरावले आणि त्यांची नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे गेली.

“अहो, तुमच्याकडे २००२ साल चालू आहे!”

बॅटरी नुकतीच संपली होती आणि ती बदलण्यासाठी पेटी उघडायचा मी आठवडाभर कंटाळा केला होता. बॅटरी गेली की हा मदरबोर्ड दर वेळी १ जानेवारी २००२ रोजी नव्याने जन्म घेतो. मी नानांना समजावले की मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, यंत्र बंद असताना घड्याळ तिच्यावर चालते, आणि तिचे नाव सीआर२०३२.

“२०३२? मग मुदत आहे की अजून. फसवलं तुम्हाला. बिल ठेवलंय का?”

२०३२ हे साल नसून बॅटरीचे माप आहे, व्यास वीस मिलिमीटर आणि जाडी तीन पूर्णांक दोन मिलिमीटर, असे मी सांगितले. नानांनी माझ्याकडे दयेने पाहिले.

“असं ते सांगतात.”

हे नानांचे ब्रीदवाक्य आहे. ‘ते’ म्हणजे कोण, हे त्यांनी आजवर उघड केलेले नाही. पण बॅटऱ्या बनवणाऱ्यांपासून हवामान वर्तवणाऱ्यांपर्यंत सर्वांचा त्यात समावेश होत असावा. या वाक्यापुढे पुरावा चालत नाही, कारण पुरावाही ‘तेच’ देतात.

मी पहिली पट्टी स्कॅनरमध्ये सरकवली. एका फ्रेमला चार मिनिटे लागतात. त्या चार-चार मिनिटांच्या पोकळीत नानांनी, माझ्या संगणकाला तार का नाही एवढ्याशा प्रश्नावरून, आपला सिद्धांत मांडायला घेतला.

“तुम्ही उगाच घाबरता. नवीन गेम खेळायला नवीन संगणक लागतो की नाही? लागतो. मग व्हायरसलाही लागणारच. व्हायरस लिहिणारी मुलं आजची, त्यांनी तुमचं हे विंडोज पाहिलेलं तरी आहे का? उद्या एखादा आलाच इथे, तर येईल, इकडे तिकडे बघेल आणि मुकाट्याने परत जाईल. जुन्या संगणकाला काही होत नसतं.”

इथे मी मान डोलावून गप्प बसायला हवे होते. परंतु मला एक जुना रोग आहे : समोरचा चुकत असला तरी त्याच्या बाजूचा एखादा मुद्दा मला ठाऊक असेल, तर तो मी प्रामाणिकपणे त्याच्या हाती देतो. वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर किडा १२ मे २०१७ रोजी जगभर पसरला, ब्रिटनच्या आरोग्यसेवेतली रुग्णालयेसुद्धा त्याने अडकवली, आणि त्या वेळी जो तो एक्सपीच्या नावाने बोटे मोडत होता. प्रत्यक्षात मार मुख्यतः बसला तो विंडोज सातला, आणि तोही अशा यंत्रांना, ज्यांनी दोन महिने आधी, मार्चमध्येच आलेली दुरुस्ती बसवली नव्हती. एक्सपीच्या यंत्रांवर तो किडा जाळ्यातून चाल करून गेला, तेव्हा संशोधकांना असे आढळले की बहुतेक वेळा ती यंत्रे संसर्ग होण्याआधी निळा पडदा दाखवून कोसळत होती. म्हणजे चोर घरात शिरणार, तोच घराने अंग टाकले.

“बघा!” नाना टाळी मागत म्हणाले. “मी काय सांगतोय?”

मी घाईघाईने पुढचे सांगू लागलो, की भोक एक्सपीतही होतेच, म्हणूनच तर निवृत्तीला तीन वर्षे होऊन गेल्यावर मायक्रोसॉफ्टला तिच्यासाठी तातडीने दुरुस्ती काढावी लागली. पुन्हा मे २०१९ मध्ये दूरस्थ डेस्कटॉपच्या, म्हणजे लांबून संगणक चालवण्याच्या, सोयीत ब्लूकीप नावाचे आणखी एक भोक सापडले, तेव्हाही तसेच करावे लागले. जुन्या यंत्राला काही होत नसते, तर एवढी धावपळ कोणी कशाला केली असती?

“म्हणजे कंपनीची माया आहे अजून तुमच्या संगणकावर,” नाना म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुसला.

स्कॅन आटोपल्यावर मी कोरी सीडी काढली, आणि तेव्हा उलगडा झाला की नानांच्या नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. नवा लॅपटॉप त्यांनी घेतला त्याचे कारणही सांगण्यासारखे आहे. त्यांचा २०१७ सालचा लॅपटॉप ठणठणीत होता. पण विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. नानांचा सातव्या पिढीतला निघाला. एका पिढीने जात चुकली. विंडोज १० ही विंडोजची शेवटची आवृत्ती, असे २०१५ मध्ये कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने व्यासपीठावरून सांगितले होते, आणि ‘असं ते सांगतात’ हे वाक्य ज्या मोजक्या ठिकाणी शोभले असते, त्यातले हे एक ठिकाण होते. तिथे मात्र नानांनी ते वापरले नाही. आणखी एक वर्षभर, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या मिळण्याची सोय आहे, हे मी त्यांना तेव्हाच सांगितले होते. त्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी चालणारे हलकेसे लिनक्स बसवून देतो, पुढची कित्येक वर्षे सुरक्षित चालेल, असेही सुचवले होते. त्यांनी तो लॅपटॉप माळ्यावर टाकला.

मला याचा खरोखर राग येतो. पंखा फिरतो आहे, पडदा उजळ आहे, कळफलकावरचे एकही अक्षर पुसलेले नाही, आणि दूरच्या कुठल्याशा कार्यालयात ठरलेली एक तारीख त्या यंत्राला भंगार ठरवते. बरे, अशी यंत्रे सांभाळावीत म्हटले तर ज्ञान घरोघरी हवे : कोणते दार बंद करावे, कोणता ब्राउझर अजून जुन्याला दुरुस्त्या पुरवतो, कोणत्या कामाला ते यंत्र वापरू नये. हे कोणी शिकवत नाही. शिकवतात एवढेच की जुने ते धोक्याचे आणि नवे ते निर्धास्त. मग माणसे नवे घेतात आणि पूर्वीसारखीच वागतात.

तर, सीडी बाद झाली. अशा प्रसंगांसाठी माझ्याकडे लाल दोरा बांधलेला एक पेनड्राइव्ह आहे; तो दर वेळी लिनक्सच्या यंत्रावर आधी साफ पुसून मगच मी या टेबलाजवळ आणतो. तो आणायला मी आत गेलो. पुसायला लागली असतील तीन-चार मिनिटे. बाहेर येऊन पाहतो तो नानांनी खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढून माझ्या संगणकाला लावलेला, आणि माऊसवर त्यांची तर्जनी टकटक चालू.

“फोल्डर उघडतच नाही. तीनदा केलं. फार मंद झालाय हो हा.”

पडद्यावर ‘फोटो’ नावाचा पिवळा फोल्डर होता आणि त्याच्या नावाला ‘ईएक्सई’ असे शेपूट होते. फोल्डरला शेपूट नसते. फोल्डरचा मुखवटा चढवून बसलेला तो एक प्रोग्राम होता, आणि नानांनी त्याला तीनदा हाक मारली होती.

इराणमधल्या नतान्झच्या अणुप्रकल्पातली यंत्रणा बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेली होती, तरीही २०१० मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट नावाचा किडा तिच्यात शिरला, आणि तो पेनड्राइव्हवाटेच शिरला असावा असे मानले जाते. ते वाचताना मला नेहमी वाटत असे की त्यामागे केवढे मोठे कारस्थान असेल. आता वाटते, तिथेही कुणीतरी आतल्या खोलीत गेले असेल, आणि कुणीतरी नाना खुर्चीत बसले असतील.

पेनड्राइव्ह लावताक्षणी त्यावरचे काहीबाही आपोआप चालू होण्याची एक्सपीची सवय मी केव्हाच मोडली होती. २००८ च्या अखेरीस उगवलेल्या कॉन्फिकर नावाच्या किड्याने तिचा फायदा उठवला होता आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ती बंद करणारी दुरुस्ती पाठवली होती. पण स्वहस्ते तीनदा टिचकी मारणाऱ्या माणसावर अजून दुरुस्ती निघालेली नाही. मी नानांना शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले की या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस दिसतो आहे. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांच्या घराण्याविषयी काही बोललो. “हा पेनड्राइव्ह आमच्या ड्रॉवरमधून बाहेर पडलेलासुद्धा नाही,” ते म्हणाले. माझे लक्ष यंत्राकडे असताना त्यांनी तो उपटला आणि ते निघाले. छायाचित्रे त्यांनी तेवढ्यात त्यावर उतरवून घेतलेलीच होती.

ती रात्र मी कपाटातली डिस्क काढून जुनी प्रतिमा पुन्हा चढवण्यात घालवली. पहाटेपर्यंत यंत्र जसे होते तसे झाले. ही खरे तर माझ्या व्यवस्थेची परीक्षा होती आणि ती उत्तम गुणांनी पार पडली. पण त्याबद्दल गटावर कोणी हात जोडले नाहीत.

तिकडे वर नानांनी पेनड्राइव्ह नव्या लॅपटॉपला लावला, त्याच्या अँटिव्हायरसने बोंब ठोकली, आणि नानांनी निष्कर्ष काढला. तोच गटावर झळकला. मी जिना चढून गेलो आणि म्हणालो, त्या फाइलीची तारीख पाहा, ती २०१९ ची आहे. म्हणजे ती तुमच्या जुन्या लॅपटॉपच्या काळापासून ड्रॉवरात बसून आहे. नानांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. शेजारीच माझ्याकडून आलेली लग्नाची छायाचित्रे होती, आणि त्या प्रत्येकावर माझ्या बॅटरीच्या कृपेने शिक्का होता १ जानेवारी २००२ चा.

“तुमच्याकडचं सगळं २००२ चं,” नाना म्हणाले. “व्हायरसही तेव्हाच शिरला असणार. २०१९ पर्यंत मोठा झाला.”

मी घड्याळाचे पुन्हा सांगितले. त्यावर काय उत्तर आले, ते लिहायची गरज नाही.

निवेदन अजून गटावर आहे. ते काढावे असे कोणाला वाटलेले नाही. आभार मानणाऱ्या गृहस्थांना मी जिन्यात गाठले, तर ते कठड्याला चिकटून बाजूला झाले, संसर्ग हवेतून होत असल्यासारखे. काल संध्याकाळी मात्र नानांचा नातू उरलेल्या निगेटिव्हचे पाकीट घेऊन आला. त्यांनी बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह विकत आणला आहे म्हणे. पाकिटावर नानांच्या अक्षरात सूचना होती : ‘फोटो कृपया सीडीवरच द्यावेत. पेनड्राइव्ह चालणार नाही. काळजी घेतलेली बरी.’

बॅटरी मी बदलली. नवीवरही २०३२ असेच लिहिले आहे.