गंजलेलाच द्या, लांबी भरून देऊ नका

गंजाला मी कधी नाव ठेवलेलं नाही. गंज दिसतो. तारेचा ब्रश मारला की तो किती खोल गेलाय ते पाच मिनिटांत कळतं, आणि काढायचा कसा हेही इतक्या वर्षांत हाताला बसलंय. माझं डोकं फिरवलंय ते जुन्या वाईसवरच्या, म्हणजे वस्तू जबड्यांत आवळून धरणाऱ्या अवजारावरच्या रंगाने. वर चकचकीत निळा ऑइलपेंट, त्याखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, लांबीखाली वेल्डिंगचा ओबडधोबड पट्टा आणि सगळ्यात खाली तडा. चार थर. प्रत्येक थर देणाऱ्याला खालचा थर माहीत होता.

मागच्या महिन्यात घेतलेला पाच इंची बाकाचा वाईस असा निघाला. हायवेलगतच्या एका जुन्या मालाच्या दुकानातून साडेचार हजार मोजून आणला. "साहेब, एकदम फिट माल आहे, डोळे झाकून घ्या," असं तो म्हणाला. मी स्क्रू पुढेमागे फिरवून पाहिला, मऊ चालत होता, ग्रीसही ताजं होतं. घरी आणून चार बोल्टांनी बाकाला आवळला. तिसऱ्या दिवशी बारा एमएमचा चौकोनी बार लाल करून पीळ द्यायला त्यात धरला, हँडल आवळलं आणि 'टक्' असा आवाज झाला. स्क्रूचा नट जिथे बसतो तिथून बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फाटलं, जबडा सैल पडला आणि लाल बार सरळ माझ्या बुटाशेजारी येऊन पडला. जाड चामड्याचे बूट होते. माझा चौदा वर्षांचा पुतण्या दोन हात अंतरावर उभा होता, त्याच्या पायात चपला होत्या.

तो फाटलेला भाग मी उजेडात धरला तेव्हा खरा संताप आला. तोंडाचा तीन चतुर्थांश भाग काळा-तपकिरी, जुनाट गंजलेला. फक्त एका कडेला बोटभर ताजं करडं बीड चमकत होतं. म्हणजे तडा कित्येक वर्षांचा होता आणि सगळा वाईस त्या बोटभर धातूवर टिकून होता. ज्याने रंग दिला त्याने तो पाहिला होता, पाहिला म्हणूनच लांबी भरली. तडा गेलाय हे सांगितलं असतं तरी मी तो घेतला असता, हजार रुपयांत, स्क्रू आणि नटासाठी. पण सांगायचंच नाही, झाकायचं आणि वर किंमत वाढवायची, याला माझ्याकडे एकच शब्द आहे : फसवणूक.

आणि ते वेल्डिंग! बीड म्हणजे काही गेटचा अँगल नाही. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो, ते वाकत नाही, तुटतं. त्याला जोड द्यायचा तर आधी अख्खा तुकडा सावकाश तापवावा लागतो, निकेलचा रॉड लागतो, थोडं थोडं ओढायचं, मध्ये थांबायचं आणि झालं की राखेत नाहीतर कोरड्या वाळूत पुरून रात्रभर निवू द्यायचं. नाहीतर पितळेने जोडायचं, तेही धीराने. इथे थंड बिडावर खिडकीच्या ग्रिलचा साधा रॉड सरळ ओढलेला. जोडाशेजारचा धातू झटकन निवतो, काचेसारखा कडक होतो आणि जोडाला लागूनच दुसरा तडा जातो. माझ्या वाईसला अगदी तसाच गेला होता. ज्याला हे येत नाही त्याने हात लावू नये, एवढीच अपेक्षा आहे.

वाईसच्या अंगावर एका बाजूला ओतीव अक्षरं असतात, उठावदार. कारखान्याचं नाव, गाव, कधी मापाचा आकडा. माझ्या वाईसवर ती अक्षरं कुणीतरी ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून सपाट केली होती. रंग गुळगुळीत बसावा म्हणून! खरवडल्यावर शेवटचं 'फील्ड' एवढंच हाताला लागलं. शेफील्ड असावं, इंग्लंडमधलं पोलादी अवजारांचं गाव. कोणत्या कारखान्याचा, कोणत्या काळातला, सुटे भाग कशाचे बसतील, हे सगळं त्या अक्षरांत होतं, आणि ते दोन मिनिटांत धूळ होऊन उडालं.

माझ्याकडे एक पाच पौंडी घण आहे, त्याच्यावर जी.आय.पी. असा ठसा आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, जिची पहिली गाडी १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि जी ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली. म्हणजे तो घण त्या तारखेच्या आधीचा, हे कुठलंही कागदपत्र नसताना त्या तीन अक्षरांनी मला सांगितलं. कुणा लोहाराने कुठल्यातरी रेल्वे कारखान्यात तो आयुष्यभर उचलला असेल. डिस्क फिरवताना एवढं तरी मनात येऊ नये?

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त दुखलं ते पायाच्या वाईसचं. लोहारकामाला खरा वाईस तोच. बाकाचा वाईस बिडाचा, धरून कानस मारायला, छिद्र पाडायला. त्याच्यावर घण मारायचा नसतो. पायाचा वाईस घडीव लोखंडाचा असतो आणि त्याचा लांब पाय थेट जमिनीत किंवा ठोकळ्यावर टेकतो. वर घाव बसला की तो जबड्यातून पायात आणि पायातून जमिनीत उतरतो. म्हणून असे वाईस शंभर शंभर वर्षं मार खाऊन उभे राहिलेत. त्यातल्या जुन्या वाईसांचे नटाच्या नळीतले चौकोनी आटे कापलेले नसत, पट्टी गुंडाळून आत पितळेने जोडलेली असे. असलं काम आता कुणाकडून करून घ्यायचं?

तीन वर्षं शोधल्यावर असा एक वाईस सापडला. एका भंगारवाल्याने फोन करून बोलावलं, मी सुट्टी टाकून ऐंशी किलोमीटर गेलो. जबडे सुंदर, स्क्रू शाबूत, पट्टीची स्प्रिंग जागेवर. आणि पाय गॅस कटरने गुडघ्यातून कापलेला. "लांब होता ना दादा, टेम्पोत आडवा बसेना." पायाचा तुकडा कुठाय विचारलं तर तो आदल्या दिवशीच भट्टीच्या मालात गेलेला. मला तिथे खाली बसावंसं वाटलं. पाय नाही तर तो पायाचा वाईसच नाही, सगळा मार आता स्क्रूवर आणि बाकावर येणार. टेम्पो थोडा तिरका लावायचा होता, एवढंच.

जे वाईसवर भंगारात जायची वेळ आणतात त्यांच्यावरही माझा राग आहे. हँडलला पाईप घालून आवळणाऱ्यांवर. हँडलची लांबी उगीच ठरवलेली नसते. माणसाच्या हाताचा जोर त्या लांबीने जेवढा होतो तेवढाच स्क्रूने आणि नटाने सोसायचा असतो. तीन फुटी पाईप घालून दोघं लोंबकळले की आटे सोलले जातात नाहीतर नटाखालचं बीड फाटतं. माझ्या निळ्या वाईसचा पहिला तडा असाच गेला असणार, कारण हँडल धनुष्यासारखं वाकलेलं होतं. ते तरी सरळ करायचं होतं!

आणि तो रंग खरवडायचा म्हणजे काय, याचा विचार कुणी करतं का? निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली करडा, आणि सगळ्यात खाली नारिंगी-लाल प्रायमर. जुनं रेड लेड. म्हणजे आपण ज्याला शेंदूर म्हणतो तेच, शिशाचं संयुग. ग्राइंडर मारला की त्याची धूळ नाकात, कपड्यांवर, अंगणात. शिशाच्या रंगांवर आपल्याकडे ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून, आणि तीही घरगुती व सजावटीच्या रंगांना. जुन्या कारखान्यातल्या यंत्रांवर काय आहे ते देवाला ठाऊक. मी आता कोरडं घासतच नाही. रंग मऊ करून, ओला ठेवून, मास्क लावून खरवडतो आणि पोरांना तिकडे फिरकू देत नाही. एका वाईसला दोन रविवार जातात. वरचा थर कुणी दिलाच नसता तर त्यातला एक वाचला असता.

गंज काढायला किती कमी लागतं! प्लास्टिकची टाकी, पाणी, दोन मुठी धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर आणि बाजूला सळईचे तुकडे. गंजलेली वस्तू चार्जरच्या ऋण टोकाला, सळई धन टोकाला, टाकी उघड्यावर, कारण हायड्रोजन निघतो. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील कधीच लावायचं नाही, त्यातलं क्रोमियम विषारी होऊन पाण्यात उतरतं. दुसऱ्या दिवशी गंज काळ्या चिखलासारखा पुसून निघतो आणि खाली अक्षरं, ठसे, छिन्नीच्या खुणा जशाच्या तशा. अडकलेल्या स्क्रूला डिझेल पाजून आठवडाभर वाट बघायची. शेवटी लोखंड कोमट करून जवसाचं तेल चोळायचं. रंगाची गरजच पडत नाही.

आता मी बाजारात जाताना खिशात लोहचुंबक आणि छोटी हातोडी ठेवतो. लांबीवर चुंबक धरत नाही. आणि तडकलेलं बीड खणखणत नाही, बद्द वाजतं. गेल्या रविवारी एका पथारीवर चांदीच्या रंगाचा वाईस होता. मी चुंबक काढला तर विक्रेत्याने हात आडवा घातला. "साहेब, रंगाला ओरखडे पडतील. घ्यायचा तर घ्या, तपासू नका."

मी उठलोच होतो. त्याच्या पथारीमागे पोत्यावर एक दुसरा वाईस पडला होता, लालभडक गंजलेला, जबडे एकमेकांना चिकटलेले, अंगावर कोळ्याची जाळी. हा केवढ्याला, म्हणून विचारलं.

"तो नाही साहेब, त्याचं काम बाकी आहे अजून. पुढच्या आठवड्यात रंगवून ठेवतो तुमच्यासाठी."

मी हातोडीने त्याच्या पाठीवर टिचकी मारली. खणखणीत वाजला.

"त्याला हात लावू नका," मी म्हणालो. "आत्ता काट्यावर ठेवा."