नेपाळी ठेवताना घ्यावयाची काळजी

कलमांना मोहोर दिसू लागला की रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराला दोन चिंता लागतात. थंडी टिकेल का, आणि बागेच्या राखणीला ठेवलेला नेपाळी टिकेल का? थंडीचं वेधशाळेलाही सांगता येत नाही. नेपाळ्याचं मात्र सर्वस्वी तुमच्या हातात आहे, आणि तो टिकू नये यासाठी काय काय करावं लागतं हे नव्या बागायतदारांना नीट ठाऊक नसतं. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

सुरुवात नावापासून. नाव विचारायचं नाही. ‘बहादूर’ म्हणायचं. त्याचं आडनाव चौधरी असेल, घर कैलाली किंवा बर्दिया जिल्ह्यात असेल, म्हणजे तो तराईतला थारू असेल, जिथे जमीन आपल्या भातखाचरासारखी सपाट आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार. हिमालय त्याने तुमच्याइतकाच लांबून पाहिलेला. तरी ‘तुम लोगों को ठंडी का सवय है’ म्हणून त्याला जानेवारीत एकच गोधडी द्यावी. बोलणं हिंदीतच ठेवावं, आणि ती हिंदीही आपली: ‘वो वांदर को हाकलो, नहीं तो सगला कैरी खायेगा.’ तिसऱ्या हंगामाला तो मराठीत उत्तर देऊ लागतो. तिकडे लक्ष देऊ नये. नेपाळी भाषेची लिपी देवनागरीच आहे आणि तुमची सातबाऱ्याची झेरॉक्स तो सावकाश का होईना वाचू शकतो, हे तर मनातही आणू नये.

आता कागदपत्रं. भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात राहण्याची, धंदापाण्याची, येण्याजाण्याची मुभा दिली. त्याला व्हिसा लागत नाही, कामाचा वेगळा परवाना लागत नाही. ही गोष्ट त्याला बहुधा ठाऊक असते, तुम्हाला नसते, त्यामुळे ‘जास्त बोललास तर पोलिसात देईन’ हे वाक्य दोघांच्याही सोयीचं ठरतं: तुम्हाला दम दिल्याचं समाधान, त्याला भ्यायचं कारण नाही.

पोलीस ठाण्यात त्याची माहिती द्यायची असते. ती देऊ नये, किंवा द्यायचीच तर अशी द्यावी: त्याच्याकडे ‘नागरिकता’ नावाचा कागद असतो, फोटो चिकटवलेला, बहुतेक वेळा घड्या पडून चार तुकडे झालेला. त्यावर जन्म मिती असते २०५५. घाबरू नका, तो भविष्यातून आलेला नाही. ते विक्रम संवत आहे. वैशाखापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर ५७ वजा करा, जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतची असेल तर ५६. हे न करता फॉर्मवर सरळ २०५५ लिहिलं की ठाण्यातला माणूस आधी हसतो, मग कागद परत देतो, आणि तुम्ही ‘सरकारी कामच असं’ म्हणत घरी येता. पत्त्यात जिल्हा, गाउँपालिका किंवा नगरपालिका आणि वडा (वॉर्ड) नंबर हे तिन्ही लिहायचं असतं. ‘मु. पो. नेपाळ’ लिहिलं की पुढे काही घडल्यावर शोधायला सोपं जातं: सगळं नेपाळच शोधायचं.

मूळ नागरिकता मात्र काढून घेऊन आपल्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवावी. पळून जाणार नाही. पळून जायचं असेल त्याला कागद लागत नाही हे खरं. कागद लागतो तो न पळणाऱ्याला. सरकारी दवाखान्यात, सिमकार्डाला, सरहद्दीवरच्या बनबसा किंवा रुपैडिहाच्या नाक्यावर कुणी अडवलं तर. आणि आधारला. परदेशी नागरिकालाही मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिला असेल तर आधार मिळतं. नेपाळ्याला त्यासाठी नेपाळी पासपोर्ट, नाहीतर नागरिकतेबरोबर त्यांच्या वकिलातीचं फोटो असलेलं मुदतीचं ओळखपत्र लागतं, आणि ते कार्ड दहा वर्षं चालतं. नोव्हेंबर ते मे ठेवलात तर दिवस भरतात २१२. जानेवारीत बोलावून मे अखेर घालवलात तर १५१. कधी बोलवावं हे सुज्ञास सांगणे न लगे. आधार नसलं की मग सिम तुमच्या नावावर काढून द्यावं लागतं, तो गेल्यावर ते कुणाच्या खिशात आहे याचा विचार करत रात्री जागाव्या लागतात, पण बागायतदाराला तशीही हंगामात झोप नसतेच.

राहण्याची सोय कातळावरच्या खोपीत. चार चिरे, वर पत्रा, पुढे गोणपाट. शेजारच्या देशातून आलेल्या माणसाला रत्नागिरीने घाईने घर देण्याची रीतच नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये इथे आणून ठेवलं, आणि त्याचा वाडा झाला १९१० मध्ये. राजाने चोवीस वर्षं वाट पाहिली, तर बायकोपोरांसह आलेल्या राखण्याने संडासासाठी दोन हंगाम थांबायला काय हरकत आहे? पाण्याचं म्हणाल तर विहीर खाली असते आणि बाग वर, एप्रिलमध्ये विहिरीचा तळ दिसतो. फवारणीच्या पाण्याचा टँकर तेव्हा वेळेवर येतो. प्यायच्या पाण्याचा हंडा त्याची बायको आणते.

फुरशांबद्दल काही सांगू नये. फुरसं म्हणजे छोटा पण जहाल विषारी साप. तो कातळावर दगडाखाली, पालापाचोळ्यात असतो, रात्री बाहेर पडतो, आणि राखणही रात्रीचीच असते, हा योगायोग नेपाळी स्वतः शोधून काढतो. गमबूट आणि बॅटरी दिली तर निम्मा धोका टळतो, म्हणून चप्पल द्यावी. चावलंच तर आधी गावठी औषध करावं, मग ‘गाडी कुणाची न्यायची’ यावर चर्चा करावी, आणि लस असलेलं ग्रामीण रुग्णालय कुठलं हे त्या रात्रीच विचारायला सुरुवात करावी.

फवारणी हा खरा कसोटीचा भाग, म्हणून तिथे थोडं थांबू. आपली बॅरल दोनशे लिटरची. मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकात डेल्टामेथ्रीन २.८ टक्के दहा लिटरला ९ मिली आहे, म्हणजे बॅरलला १८० मिली. इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के दहा लिटरला ३ मिली, म्हणजे बॅरलला ६०. मापाचा पेला दहा-वीस रुपयांना मिळतो. तो आणू नका. ‘बूच भरून इतक्या वेळा’ असं तोंडी सांगा आणि पुढच्या फवारणीला औषध बदला पण बुचांची संख्या बदलायला विसरा. म्हणजे ६० च्या जागी १८० जातं, तेही मोहोर फुललेला असताना, आणि परागीभवन करणाऱ्या माश्या तुडतुड्यांच्या आधी मरतात. फळ धरत नाही. मग ‘यंदा हवामानच बाधलं’ म्हणायला तुम्ही मोकळे. बाटलीबरोबर माहितीपत्रक येतं, आणि बाटलीच्या लेबलावरच्या त्रिकोणाच्या रंगावरून विष किती जहाल ते कळतं: लाल सर्वांत वाईट, मग पिवळा, निळा, हिरवा. ते पत्रक खोपीत राहू देऊ नये, तो वाचेल. जास्त दाबाच्या एचटीपी पंपाची गन वर धरून तीस फुटी कलमावर मारताना निम्मं औषध खाली त्याच्याच अंगावर येतं, वाऱ्याच्या विरुद्ध उभा असेल तर सगळंच. मास्क, हातमोजे, चष्मा यांचा खर्च एका पेटीच्या आतला आहे. रुमाल मात्र फुकट असतो.

काढणीला त्याच्या हातात झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, दिलात की तो तुमच्यापेक्षा बरी काढणी करतो, हे सहन करावं लागतं. चौदा आणे, म्हणजे काढायला नेमकं तयार झालेलं, फळ ओळखतो, देठ ठेवून काढतो, त्यामुळे चीक सालीवर ओघळत नाही, डाग पडत नाही. तो सकाळी लवकर काढायला निघतो. तुम्ही त्याला आधी घरची कामं सांगा, म्हणजे काढणी अकराला सुरू होईल आणि फळ तापल्या कातळावर पसरून राहील. वाशीचा दलाल साका (आतून पांढरट, खराब झालेला गर) निघाला म्हणून भाव पाडेल तेव्हा फोनवर सांगा, ‘नेपाळ्याने घोळ घातला.’

त्याची पोरं वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. याबद्दल तक्रार जरूर करावी. आपली पोरं मुंबईला, पट घसरला की शाळा बंद करण्याचं घाटतं, आणि उरलेला पट या पोरांनी धरून ठेवलेला असतो. स्वातंत्र्यदिनाला ‘जय जय महाराष्ट्र माझा’ सर्वांत खणखणीत म्हणणारी मुलगी कुणाची, हे पालकसभेत विचारू नये.

बंदरावरच्या मंडळींना वेगळं शिकवायला नको. मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे इथे खलाशी म्हणून नेपाळी घेताना पोहता येतं का हे विचारायची प्रथा नाही, आणि लाइफ जॅकेट दाखवण्यापुरती असतातच. पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या घेरजाळ्याच्या बोटीवर, पंचवीस-तीस माणसं लागतात, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर, आणि नेमका त्यात त्यांचा दशैं येतो. आपला दसरा एक दिवसाचा. त्यांचं घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत चालतं, घरच्या वडीलधाऱ्यांकडून कपाळाला टिका लावून घ्यायचा असतो. रजा मागितली की म्हणावं, ‘सण काय दरवर्षीच येतो.’ गणपतीला रजा न देणाऱ्या मुंबईच्या साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवून एस.टी. पकडणारे आपले चाकरमानी त्या वेळी आठवू नयेत.

शेवटी हिशेब. पगार दरमहा देऊ नये. खर्चीला थोडे द्यावेत, बाकी ‘मे महिन्यात एकदम’. उचल, किराणा, फुटलेला क्रेट, वांदरांनी खाल्लेले आंबे, सगळं तुमच्याच वहीत, पेन्सिलीने. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून बांधलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, तेव्हा पंधरा हजारांचे तिकडे चोवीस हजार होतात, एवढे कशाला लागतात, असा युक्तिवादही करून पाहावा. तिकडे तांदूळही त्यांच्याच रुपयात मिळतो, हे तो सांगत बसत नाही. रक्कम रोख, पाचशेच्या नोटांत द्यावी. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळ सरकारने शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली तेव्हा कमरेला गुंडाळलेल्या या बंडलांचं नाक्यावर काय झालं असेल, हा आपला विषय नव्हे. बँकेतून नेपाळात पैसे पाठवायची सोय २००८ पासून आहे, खात्यातून एका वेळी दोन लाखांपर्यंत, रोखीने पन्नास हजारांपर्यंत. त्यासाठी त्याच्याबरोबर अर्धा दिवस बँकेत बसावं लागतं. तेवढा वेळ कुणाला आहे?

जूनमध्ये तो जाईल. तिकडे असारच्या, म्हणजे त्यांच्या आषाढाच्या, पंधराला भातलावणीचा दिवस साजरा होतो, तो चिखलात उभा असेल. त्याच आठवड्यात तुमच्या तरव्याची रोपं पिवळी पडत असतील आणि लावणीला एक बाई मिळत नसेल. थोडा पगार अडकवून ठेवला असेल तर तो परत येतोच, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. म्हणून अडकवावा. नोव्हेंबरात फोन लावावा. नंबर बंद असेल. डिसेंबरात तो शेजारच्या बागेत, नव्या गमबुटांत दिसेल. शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नये. गेल्या वर्षी हाच माणूस तुम्ही कुणाच्या बागेतून फोडून आणला होता, ते त्याला पाठ आहे.