अर्धी गिरकी

माझे कान रेडिओवरच्या क्रिकेटने घडवलेले. बाळ ज. पंडित मराठीतून असं वर्णन करायचे, की चेंडू न दिसताही दिसायचा. टीव्हीवरच्या फिगर स्केटिंगचं नेमकं उलटं. सगळं ढळढळीत दिसतं आणि समालोचक बोलला, की आपल्याला काहीच दिसलं नव्हतं हे कळतं.

मार्च २०२५मध्ये आम्ही दोघं बोस्टनला लेकीकडे होतो. जागतिक स्पर्धा त्याच गावात; पण तिकिटाचे आकडे ऐकून आम्ही सोफ्यावरच बैठक मारली. शेजारी नात. वय वर्षं नऊ, स्वतः स्केटिंग शिकणारी, म्हणजे घरचीच पंच.

पहिला मुलगा उडाला, भिंगरीसारखा फिरला, उतरला. मी टाळ्या वाजवल्या. टीव्हीवरच्या बाई मात्र अशा हळहळल्या, की कुणी गेलंच. कोपऱ्यातला चौकोन पिवळा झाला.

"रिव्ह्यू," नात म्हणाली. "पाव गिरकी कमी पडली असणार, आबा."

मग तीच उडी संथगतीत. मी चष्मा पुसला. बुटाचं पातं दिसलं, बर्फ दिसला, पाव गिरकी काही दिसली नाही. आमचा वाणी पाव किलोत मारायचा, तेव्हाही दिसायची नाही.

पुढचा धाडकन आपटला. मी "अरेरे" म्हणालो, तर समालोचक बऱ्यापैकी समाधानी! चारही गिरक्या पूर्ण होत्या म्हणे. नातीने हिशेब मांडला : चौपट लुट्झचे, म्हणजे लुट्झ नावाच्या चार गिरक्यांच्या उडीचे, मूळ गुण साडेअकरा, पडल्यामुळे निम्मे गेले, वर दंड एक, हातात पावणेपाच. आणि न पडता मारलेल्या दुहेरी लुट्झचे मूळ गुण २.१. म्हणजे आपटून दुपटीहून जास्त मिळकत. आमच्या मुदत ठेवीला हे कधी जमलं नाही.

पूर्वी म्हणे सहापैकी गुण द्यायचे, माझ्यासारख्याला झेपेल असे. पण २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत फ्रेंच पंचांवरून गदारोळ झाला, शेवटी दोन जोड्यांना सुवर्णपदक द्यावं लागलं, आणि पुढे ती पद्धतच मोडीत निघाली. घोटाळा पंचांचा, गणिताची शिक्षा प्रेक्षकांना.

गुणांची वाट बघायच्या बाकाला 'किस अँड क्राय' म्हणतात. शेजारी प्रशिक्षक, नाकासमोर कॅमेरा. आमचा निकाल शाळेच्या फळ्यावर लागायचा. पण रडायला सायकल स्टँडच्या मागे जायची सोय होती.

उड्या सहा प्रकारच्या. पाच पाठमोऱ्या मारतात, त्यांतली लुट्झ पात्याच्या बाहेरच्या धारेवरून, फ्लिप आतल्या. समालोचक खेळाडू हवेत असतानाच नाव घेऊन मोकळे होतात. हापूस आणि पायरी मी वासावरून ओळखतो, पण इथे वास येत नाही. तीन रात्री प्रयत्न केला. दरवेळी मी "लुट्झ!" म्हणायचो आणि नात मान हलवायची. शेवटी सौ. म्हणाली, "अहो, तुम्ही नुसतं बघा ना! कपडे किती छान आहेत." तिला पहिल्या दिवसापासून सगळं समजत होतं.

शेवटी मी एकच उडी पक्की केली : ॲक्सेल. ही एकटीच समोर तोंड करून मारतात, म्हणून हिच्यात अर्धी गिरकी जास्त. अमेरिकेचा स्केटर इलिया मलिनिन याने २०२२मध्ये तिथल्याच लेक प्लॅसिडला चौपट मारली, म्हणजे साडेचार गिरक्या. स्पर्धेत तोवर ती कुणालाच जमली नव्हती.

शनिवारी नातीच्या क्लासला गेलो. काचेपलीकडे आया कॉफी घेऊन बसलेल्या. नात सरसर आली. तोंड समोर! उडाली, उतरली. तीन रात्रींची तपश्चर्या फळाला आली.

"ॲक्सेल!" मी ओरडलो.

सगळ्या आया वळल्या. नात घसरत काचेपाशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आबा, ती वॉल्ट्झ जंप होती. सगळ्यात पहिली शिकवतात ती. त्यात अर्धीच गिरकी असते."

"मग ती तरी पूर्ण झाली का?" मी विचारलं.

परतताना गाडीत ती आजीशेजारी बसली.