सूट कशात घेता आणि कुणाच्या जिवावर?

एखादा ऐतिहासिक सिनेमा लागतो, कुणीतरी त्यावर आक्षेप घेतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मजकूर फोनवर येऊन पडतो. शब्द इकडचे तिकडे, बाकी मसाला तोच. सिनेमा ही करमणूक आहे, दस्तऐवज नाही. सुरुवातीला सूचना दिलेली असते. नाटककार-कादंबरीकारांनी आजवर हेच केलं. मेलेल्या माणसांचं त्यात काय बिघडतं? खराखुरा इतिहास दाखवला तर थिएटरात झोप लागेल. आणि काही झालं तरी पोरांना या निमित्ताने इतिहास कळतो.

नाशकात हा मजकूर जरा जास्तच ऐटीत फिरतो, कारण आपल्याकडे त्याला एक शेपूट जोडलेलं असतं: आपण फाळक्यांच्या गावचे, आपल्याला सिनेमा शिकवू नका. शेपटापासूनच सुरुवात करतो. दादासाहेब त्र्यंबकेश्वरी जन्मले, पुढे नाशकात बस्तान बसवून त्यांनी सिनेमे काढले, १९४४ साली गेले तेही इथेच. सगळं खरं. पण १९१३ साली त्यांनी पडद्यावर आणला तो राजा हरिश्चंद्र. पुराणातला राजा. त्याचं दप्तर कुठल्या रुमालात बांधून ठेवलेलं नाही आणि त्याच्या घराण्याचा कुणी पत्रकार परिषद घ्यायला येणार नाही. पुराणकथा सांगताना जी मोकळीक मिळते, ती अडीच-तीनशे वर्षांपूर्वीच्या, पत्रं आणि महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, मागे ठेवून गेलेल्या माणसांना लावायची, तर निदान फाळक्यांच्या नावावर तरी लावू नका.

आता करमणुकीचं बघू. सिनेमा करमणूक आहे, कबूल. मग पोस्टरवर तसं छापा की! तिथे असतं ‘सत्य घटनेवर आधारित’, ‘इतिहासाचं न उलगडलेलं पान’. कलाकार गडावर जाऊन माथा टेकतात, त्याचे फोटो प्रसिद्धीला जातात. २०२० मध्ये तानाजी मालुसऱ्यांवरच्या हिंदी सिनेमाला उत्तर प्रदेश, हरियाणा आणि महाराष्ट्राने करसवलत दिली; २०२५ मध्ये संभाजीराजांवरचा ‘छावा’ मध्य प्रदेश आणि गोव्यात करमुक्त झाला. या सवलती गाण्यांच्या ठेक्यासाठी किंवा तलवारबाजीच्या कसरतींसाठी नव्हत्या, लोकांनी आपला इतिहास बघावा म्हणून होत्या. गल्ला जमवताना इतिहास आणि हिशेब मागितला की करमणूक, ही दुटप्पी वही फार दिवस चालत आली आहे.

सूचनेबद्दल थोडक्यात. पडद्यावर पाच-दहा सेकंद बारीक अक्षरांची पाटी येते, तेव्हा निम्मे लोक अंधारात खुर्चीचा नंबर शोधत असतात. ती वाचली तरी त्यातून एकच कळतं: आम्ही काही गोष्टी बदलल्या आहेत. कोणत्या, ते कधीच लिहिलेलं नसतं. औषधाच्या बाटलीवर ‘यात काहीतरी मिसळलेलं आहे’ एवढंच छापण्यासारखं हे आहे. तिचा उपयोग होतो तो निर्मात्याच्या वकिलाला.

‘नाटककारांनी हेच केलं’ हा मुद्दा मात्र मला मनापासून आवडतो, कारण तो मांडणाऱ्याच्याच अंगलट येतो. हो, केलं. आणि काय झालं ते बघा.

गंगापूर रोडने जाताना आनंदवल्ली लागते. राघोबादादा आणि आनंदीबाईंशी जोडलेलं गाव. तिथे कुणालाही आनंदीबाईंविषयी विचारा, उत्तर एकच: ‘ध’ चा ‘मा’ करणारी. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, शनिवारवाड्यातला. रामशास्त्र्यांनी चौकशी करून दोष दिला तो रघुनाथरावांना. खाडाखोड केलेला तो कागद मात्र आजवर कोणत्याही दप्तरातून बाहेर आलेला नाही. तरी रंगभूमीने, गोष्टींच्या पुस्तकांनी ते अक्षर आनंदीबाईंच्या कपाळावर असं गोंदलं, की आता त्यांची दुसरी कुठलीच ओळख शिल्लक राहिलेली नाही. हुशार, लिहिती-वाचती, राजकारण समजणारी बाई होती ती. पण ते कुणाला सांगायचं?

त्याहून मोठं उदाहरण संभाजीराजांचं. कित्येक दशकं मराठी नाटकांनी आणि पुढे सिनेमांनी त्यांना व्यसनी, बाईलवेडा राजपुत्र म्हणून रंगवलं. ‘थोरातांची कमळा’ नावाचा सिनेमा १९४१ साली आला. त्यातली ती कमळा समकालीन कागदांत कुठेच नाही. पण लोकांनी तिच्यासाठी हळहळ व्यक्त केली आणि राजांना मनातल्या मनात गुन्हेगार ठरवलं. तो डाग पुसायला वा. सी. बेंद्र्यांना अर्धं आयुष्य देशोदेशीची दप्तरं धुंडाळावी लागली. त्यांचं संभाजीचरित्र १९६० चं, त्यानंतर कमल गोखल्यांचं संशोधन. म्हणजे दोन-अडीच तासांच्या खेळांनी जे केलं ते निस्तरायला दोन पिढ्यांचे अभ्यासक लागले. आणि आज ‘छावा’ बघून डोळे पुसणारे आपणच पुढच्या सिनेमासाठी तीच जुनी सवलत मागतो आहोत.

आता ‘मेलेल्या माणसांचं काय बिघडतं?’ त्यांचं नसेल बिघडत. त्यांचं आडनाव लावणाऱ्यांचं बिघडतं. ‘छावा’ आला तेव्हा शिर्के घराण्यातल्या लोकांनी आक्षेप घेतला; गणोजी आणि कान्होजींना फितूर दाखवलं, असं त्यांचं म्हणणं. दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली आणि वर सांगितलं, की सिनेमात आम्ही आडनाव किंवा गाव घेतलेलं नाही. महाराष्ट्रात येसूबाईंचा भाऊ गणोजी म्हटल्यावर आडनाव सांगावं लागतं का? शिर्क्यांचं आणि राजांचं बिनसलं होतं, याला आधार आहे. राजांना पकडणाऱ्या मुकर्रबखानाला संगमेश्वरची वाट त्यांनीच दाखवली का, यावर अभ्यासक अजून भांडतात. सिनेमाने तो वाद आपल्या सोयीने मिटवून टाकला आणि शाळेत शेजारच्या बाकावर बसलेल्या शिर्के आडनावाच्या पोराला त्याचं उत्तर द्यायला लावलं.

गंमत म्हणजे त्याच सिनेमावर सगळ्यात मोठा गहजब झाला तो राजे लेझीम खेळताना दाखवले म्हणून. ते दृश्य काढूनही टाकलं. माझ्या मते ते राहिलं असतं तरी कुणाचं काही गेलं नसतं. तरणाताठा राजा आनंदाच्या क्षणी रयतेत मिसळून लेझीम खेळला, ही कल्पना आहे, पण ती कुणाच्या अंगावर ढकललेली नाही. असंच झुंबरातल्या दिव्यांचं. एका सिनेमाच्या झलकीत शिवरायांच्या महालात विजेचे दिवे दिसले म्हणून २०२२ मध्ये आपण आठवडाभर खदखदलो. हसायची गोष्ट होती, हसून सोडून द्यायची. आपला संताप नाचगाण्यावर, पातळाच्या काठावर, दिव्याबत्तीवर खर्च होतो आणि कुणावर खोटा गुन्हा लादला जातोय ते नजरेतून सुटतं. निर्मात्यांना हे छान जमतं: लेझीम कापायची, खलनायक ठेवायचा.

पानिपतवरचा हिंदी सिनेमा आठवा, २०१९ चा. त्यात भरतपूरचा सूरजमल जाट मदतीच्या बदल्यात आग्रा मागणारा सौदेबाज दाखवला. राजस्थानात निदर्शनं झाली, दृश्यं कापावी लागली. आपण मराठी प्रेक्षक बहुतेक गप्प होतो. १४ जानेवारी १७६१ नंतर उपाशी, जखमी, उघडीवाघडी माणसं दक्षिणेकडे पळत सुटली, तेव्हा त्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला तो याच सूरजमलने. निदान आपण तरी बोलायला हवं होतं.

आणि आता झोप लागण्याचा मुद्दा. खरं तेवढंच दाखवलं तर सिनेमा रटाळ होईल, असं म्हणणाऱ्याने एकदा दिंडोरी रस्त्याने आशेवाडीला जाऊन रामशेज बघावा. किल्ला म्हणाल तर बुटका; साल्हेर-मुल्हेरच्या मानाने टेकाडच. पण १६८२ पासून त्याने औरंगजेबाच्या सरदारांना काही वर्षं झुंजवलं. यातली सगळ्यात भन्नाट हकिकत कुण्या शाहिराने रचलेली नाही, खाफीखानाने, म्हणजे मोगलांच्या बाजूच्या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा आतल्या लोकांनी झाडाचे बुंधे पोखरून तोफा केल्या, त्यावर कातडं चढवलं आणि त्या डागल्या. शहाबुद्दीनखान हरला, त्याच्या जागी खानजहान बहादूर आला. त्यालाही किल्ला मिळेना, तेव्हा भुतं वश असलेला एक मांत्रिक पुढे आला. त्याने सोन्याचा नाग करून मागितला आणि तो हातात धरून फौजेच्या पुढे चालू लागला. वरून गोफणीचा दगड आला, मांत्रिक आडवा, नाग धुळीत. सांगा, कोणत्या पटकथाकाराला हे सुचलं असतं? आणि सुचलं असतं तर निर्मात्याने ‘हे जरा जास्तच होतंय’ म्हणून काढून टाकलं असतं.

कल्पनेला याच गोष्टीत किती जागा आहे तेही बघा. किल्लेदाराच्या नावावर अभ्यासकांचं एकमत नाही. मग द्या ना त्याला तुमच्या मनासारखं नाव. बायको द्या, तापट स्वभाव द्या, नाशकातल्या कुणाशी जुनं वैर द्या. वेढ्यातल्या रात्री माणसं काय बोलत असतील, धान्य संपत आल्यावर कोण कुणावर खेकसलं असेल, हे सगळं कागद सांगत नाहीत. तिथे लेखक राजा. फक्त शेवट बदलू नका. रामशेज मोगलांनी अखेर लढून घेतला नाही, तो पैसे चारून घेतला. सोन्याच्या नागाने जे झालं नाही ते थैलीने झालं. इतकी वर्षं लढलेल्या गडावर हे कसं घडलं असेल, याचा विचार करताना लेखकाचा कस लागेल. आपले निर्माते काय करतील ते मला माहीत आहे: भगवा फडकत असतानाच सिनेमा संपवतील.

दुसरी गोष्ट भर शहरातली. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सनची मुंबईला बदली झालेली, त्याच्या निरोपानिमित्त ‘संगीत शारदा’चा प्रयोग. औरंगाबादेत शिकणारा, विशीही न ओलांडलेला अनंत कान्हेरे ब्राउनिंग पिस्तूल घेऊन तिथे थांबलेला. त्याने जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळं पाणी झालेलं, आणि तो खटला पुढे पाठवणारा हाच जॅक्सन. एप्रिल १९१० मध्ये कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. आता नेहमीच्या पठडीतला दिग्दर्शक इथे पहिल्याच दृश्यात जॅक्सनच्या हातात चाबूक देईल. प्रत्यक्षात हा माणूस संस्कृत शिकलेला, ‘पंडित’ म्हणवला जाणारा. गुजरात आणि कोकणातल्या लोककथा-लोकसमजुतींची त्याने गोळा केलेली सामग्री त्याच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने छापली गेली. आपल्या भाषा, आपल्या कथा आवडणारा अधिकारी त्याच देशातल्या एका माणसाला कवितेसाठी काळ्या पाण्यावर पाठवायला हातभार लावतो. साम्राज्य म्हणजे काय चीज असते, हे दाखवायला चाबूकवाला गोरा कामाचा नाही, हा पंडित कामाचा आहे. कान्हेऱ्यांच्या धैर्याला त्याने तसूभरही उणेपणा येत नाही. खोटा खलनायक उभा करणं हा आळस आहे, त्याला कलास्वातंत्र्य म्हणू नये.

राहिला पोरांना इतिहास कळण्याचा मुद्दा. कळतो, पण कोणता? ‘छावा’मध्ये बुऱ्हाणपूरची लूट बघितल्यावर मार्च २०२५ मध्ये तिकडच्या असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च, कुदळी-फावडी घेऊन शेतं खणायला लागले. मोगलांचं सोनं सापडेल म्हणून. ‘प्रेक्षक सुज्ञ असतो, त्याला कळतं हा सिनेमा आहे’ हे वाक्य त्या खड्ड्यांपाशी उभं राहून म्हणावं.

त्यांना हसण्याचा हक्क नाशिककरांना तरी नाही. फाळके स्मारकाच्या डोक्यावर जी लेणी आहेत ती बौद्ध भिक्खूंची. भिंतीवर नहपानाचा जावई उषवदात, गौतमीपुत्र सातकर्णी आणि त्याची आई गौतमी बलश्री यांचे लेख ब्राह्मीत स्वच्छ कोरलेले आहेत. कुणी काय दान दिलं, कुणी कुणाला हरवलं, सगळं दगडात आहे. आणि आपण त्यांना म्हणतो पांडवलेणी. इथे भीम कुठे बसायचा तेही सांगणारे भेटतात. गोड गोष्ट दगडावरच्या लेखालाही हरवते, ती रोज आपल्या डोळ्यासमोर हरवते आहे.

एवढं लिहिल्यावर ठरलेला प्रश्न येणार: म्हणजे तुम्हाला बंदी हवी? नको. दगडफेक नको, सेट जाळणं नको, कोर्टाची पायरीही शक्यतो नको. दिग्दर्शकाला रोखायचं कुणी म्हणत नाही. काळ आवळायचा असेल तर आवळा, दोन सरदारांचा एक करा, संवाद तर तुम्हीच लिहिणार. पण ज्या माणसाचं नाव खरं आहे त्याच्यावर गद्दारी, खून किंवा भेकडपणा टाकणार असाल, तर आधार दाखवा; आणि तो नसेल तर त्या पात्राला काल्पनिक नाव द्या. शिवाय सिनेमा संपल्यावर, नावं सरकतात तेव्हा, कोणती पात्रं आणि कोणते प्रसंग रचलेले आहेत त्याची यादी लावा. मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत. घोडे, कपडे, रंगभूषा, जेवणखाण यांची श्रेयं पाच मिनिटं चालतात. त्यात आणखी अर्धा मिनिट सहज बसेल.