डब्याचं झाकण

चिवड्याच्या डब्याचं झाकण आवाज न करता उघडायची एक पद्धत असते. डबा पोटाशी घट्ट धरायचा, अंगठ्याने एका बाजूची कड सैल करायची आणि झाकण ओट्यावर नाही, फडक्यावर उलटं ठेवायचं. सांगलीत बाराव्या वर्षी मी हे शिकले आणि न्यू जर्सीतही तेच करत राहिले. रात्री साडेअकरा, घर झोपलेलं. चिवडा संपला की गार भात, मग मुलांची बिस्किटं, मग ब्रेडवर तूप-साखर. भूक नसायची, चवही कळायची नाही. पोट दुखायला लागेपर्यंत हात थांबायचा नाही. रिकामी पाकिटं कचऱ्याच्या तळाशी दाबायची आणि वर भाजीची देठं टाकायची.

आमच्याकडे याला नाव होतं. "भस्म्या झालाय हिला," असं आत्या सगळ्यांसमोर म्हणायची आणि सगळे हसायचे.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये निदानाच्या पुस्तिकेत 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदवला. थोड्या वेळात खूप खाणं, त्या वेळी स्वतःवर ताबा नसणं, नंतर लाज वाटणं, आणि हे आठवड्यातून निदान एकदा, असं तीन महिने. बुलिमियात खाल्लेलं उलटी काढून किंवा जुलाब घेऊन बाहेर टाकायची धडपड असते, तशी यात नसते. म्हणूनच लोकांना बहुतेकदा वाढलेलं वजनच दिसतं आणि हा आजार त्याच्या आड लपतो. जानेवारी 2015 मध्ये इथल्या औषध प्रशासनाने मध्यम आणि तीव्र आजार असलेल्या प्रौढांसाठी लिसडेक्सअँफेटामिनला मान्यता दिली. एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकारासाठी, ते 2007 पासून वापरात होतं.

मी ते घेते. सकाळी सातला एक कॅप्सूल.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, म्हणजे भूक मारायची गोळीच की! त्यापेक्षा जिभेला लगाम घाल." आईची शंका अगदीच बिनबुडाची नाही. 1950-60 च्या दशकांत याच देशात अँफेटामिन या उत्तेजक औषधाच्या गोळ्या बारीक होण्यासाठी सर्रास दिल्या जात, आणि कित्येकांना त्यांचं व्यसन लागलं. म्हणूनच आजही या औषधाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की हे वजन उतरवण्यासाठी नाही. लिसडेक्सअँफेटामिनमध्ये अँफेटामिनला लायसिन हे अमिनो आम्ल जोडलेलं असतं. रक्तात गेल्यावर तांबड्या पेशींमध्ये ते सुटं होतं, मग औषधाचा असर हळूहळू चढतो. तरी व्यसनाचा धोका संपत नाही. दर महिन्याला नवी चिठ्ठी लागते, नाडी आणि रक्तदाब तपासावा लागतो.

पण 'लगाम घाल' हे मला पटत नाही. मी वीस वर्षं लगामच घालत होते. संकष्टी, एकादशी, शिवाय मनाने धरलेले सोमवार-गुरुवार. दिवसभर उपाशी राहायचं आणि रात्री डबा उघडायचा. हे सारखं उपाशी राहणंच रात्रीच्या खा-खाला खतपाणी घालतं, हे मला इथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. कॅप्सूलच्या बाबतीतही तीच खबरदारी. औषधाने दुपारी भूक लागत नाही म्हणून जेवण टाळलं, तर संध्याकाळी औषध उतरल्यावर सगळं वसूल होतं. म्हणून आधी पोहे, मग कॅप्सूल, आणि भूक असो वा नसो, एक वाजता पोळी-भाजी.

औषधाचा उपयोग होतो, हे मी ठामपणे सांगेन. एका चाचणीत, ज्यांना गुण आला होता त्यांच्यापैकी निम्म्यांचं औषध चालू ठेवलं आणि निम्म्यांना औषध नसलेली नकली गोळी दिली. 26 आठवड्यांत नकली गोळीवाल्यांपैकी सुमारे 32 टक्क्यांचा आजार उलटला, औषधवाल्यांपैकी 4 टक्क्यांचाही नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर डबा आणि मी यांच्यामध्ये एक क्षण आला, जो पूर्वी नव्हताच.

इथे माझी तक्रार वेगळी आहे. ज्या डॉक्टरांनी मला पहिली चिठ्ठी दिली, त्यांनी पंधरा मिनिटांत दिली. समुपदेशनाचं नावही काढलं नाही. ते मी नंतर स्वतः शोधलं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शिकेत तर लिहिलंय की या आजारात फक्त औषधावर भागवू नका, आधी वर्तनोपचारावर आधारित स्वयंमदत द्या. 2023 मध्ये या औषधाचा तुटवडा पडला आणि मी दुकानांमागून दुकानं पालथी घातली, तेव्हा नुसत्या कॅप्सूलवर उभं राहिलेलं बरेपण किती कच्चं असतं ते कळलं.

आणि तिकडे गेल्या वर्षभरात प्रत्येक फोनवर वजन उतरवायच्या इंजेक्शनांचा विषय. मार्च 2025 मध्ये माउंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही. घरात दोन तट पडलेत. वहिनी म्हणते घ्यावं, काका म्हणतात ही आळशांची सोय. दोघंही बोलतात ते किलोंबद्दलच. माणूस कसं खातं, कधी खातं, कोणापासून लपून खातं, हे दोघांच्याही बोलण्यात येत नाही.

त्यातच पुण्याहून भाचीचा मेसेज आला: "मावशी, तुझी ती कॅप्सूल पाठवशील का? साखरपुड्याआधी सहा किलो उतरवायचेत." तिचं वजन मुळात कमी आहे, आणि काकडी-ताकावर दिवस काढते. मी लगेच फोन केला. अँफेटामिन भारतात एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, असं पाठवणं दोन्ही देशांत गुन्हा आहे, हे सांगितलं. पण खरं कारण ते नव्हतं. उपाशी राहणाऱ्या मुलीच्या हातात भूक मारणारं औषध देणं म्हणजे तिला स्वतःला उपाशी ठेवण्याच्या आजाराकडे, अ‍ॅनोरेक्सियाकडे ढकलणं. ते मी करणार नाही, असं म्हटलं. मग विचारलं, "रात्री एकटी असतेस तेव्हा कधी थांबताच येत नाही, इतकं खातेस का?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "तुला कसं कळलं?"

सांगलीपासून इथपर्यंत किती डॉक्टरांच्या वजनकाट्यांवर मी उभी राहिले. सगळ्यांनी आकडा लिहून घेतला. हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. भाची चोवीसची आहे. मंगळवारी ती मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणार आहे, आणि तोवर रोज एक वाजता जेवणाच्या ताटाचा फोटो मला पाठवते.