मामीचा फॉरवर्ड आणि व्हिनेगरवालं गाव

आमच्या मामीने काल फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला, लॉकडाउनमध्ये फिरत होता तोच, आणि नुसता टाकला असता तर गप्प बसलो असतो पण ती सकाळपासून व्हिनेगर प्यायला लागलीये. मेसेज असा: लंडनला लागून इयाम नावाचं गाव, 1665 ला प्लेग आला, गावाने स्वतःला कोंडून घेतलं, एकही माणूस पळाला नाही, अख्खं गाव मेलं, फक्त पाद्री उरला, नाणी व्हिनेगरमध्ये टाकायचे म्हणून आजूबाजूची गावं वाचली, व्हिनेगरने व्हायरस मरतो, तर रोज दोन चमचे घ्या. शेवटी 'रिंगा रिंगा रोझेस' तिथलंच.

लंडनला लागून कसलं, ते वर डर्बीशायरच्या डोंगरात, शेफील्डच्या बाजूला. आणि नाव 'ईम'. लंडनहून शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, त्यातल्या पिसवांनी प्लेग आणला असं सांगतात, तेवढाच लंडनचा संबंध.

अख्खं गाव? साधारण 260 माणसं गेली, वस्ती पूर्वी 350 सांगायचे, आता अभ्यासक 700 च्या आसपास धरतात. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट 1666 मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली, गावाबाहेरच्या शेतात, एकटीने. ती जगली की! पाद्री मॉम्पेसन वाचला हे खरं, पण बायको गेली, आणि मुलं त्याने आधीच यॉर्कशायरला पाठवली होती. पैसेवाले काहीजणही वेळेत सटकले. तरी बाकीचे थांबले हे मोठंच, ते मी नाकारत नाही.

आता व्हिनेगर. हद्दीवरच्या दगडाला खळगे आहेत, त्यात व्हिनेगर ओतून नाणी ठेवायचे, बाहेरचे लोक सामान ठेवून पैसे उचलायचे, इथपर्यंत बरोबर. पण अहो, ते नाण्यांसाठी होतं, कोणी पीत नव्हतं! आणि प्लेग व्हायरस नाहीच, बॅक्टेरिया आहे, आज त्याला अँटिबायोटिक देतात. 2016 मध्ये रॉयल सोसायटीच्या जर्नलमध्ये याच गावच्या मृत्यूंच्या नोंदींवरून गणित मांडलंय, साधारण तीन-चतुर्थांश लागण माणसाकडून माणसाला. मग शेजारची गावं कशाने वाचली असतील? माणसं हद्दीच्या आत थांबली म्हणून, दगडातल्या आंबट पाण्याने नाही.

ते गाणं छापील स्वरूपात एकोणिसाव्या शतकातलं, प्लेगशी जोडलं गेलं विसाव्या शतकात. सोडा.

मामीला आधीच पित्ताचा त्रास. बाटली मी गुपचूप उचलून आणलीये, ग्रुपवर मामा विचारतोय कोणी घेतली.