जांभा म्हणजे लाव्हा नव्हे

गोव्याचे सडे (जांभ्या दगडाची सपाट पठारे) म्हणजे थिजलेला लाव्हा, चिऱ्यातील (बांधकामासाठी कापलेल्या जांभ्यातील) भोके म्हणजे वायूचे बुडबुडे, सह्याद्री त्याच उद्रेकात उभा राहिला आणि मांडवी-जुवारीच्या खाड्या म्हणजे भूकंपाच्या भेगा, असा मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो.

बुडबुड्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण वरवर पाहता तोच सर्वांत पटतो. बसाल्टातील, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकातील, वायूच्या पोकळ्या बहुधा गोल किंवा बदामी, एकमेकींपासून सुट्या आणि पुष्कळदा पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात. चिऱ्यातील भोके वेडीवाकडी, नळीसारखी, एकमेकांत शिरणारी असतात. म्हणूनच सड्यावरचा पाऊस आत मुरतो आणि पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतो. चिरेखाणीची उभी भिंत नीट पाहावी. वर टणक तांबडा थर, त्याखाली नखाने उकरता येईल अशी गुलाबी-पांढरी माती, आणि आणखी खाली त्या मातीतच मूळ खडकाचे तिरके पापुद्रे ओळखू येतात. लाव्हा वरून पसरला असता, तर तो आणि खालचा खडक यांच्यामध्ये ठळक सीमारेषा दिसली असती. प्रत्यक्षात उष्ण, दमट हवामानात पावसाने खडकातील सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरली आणि जागच्या जागी जांभा झाला. फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये केरळातील अशाच दगडाला लॅटराइट हे नाव दिले, तेही विटेच्या लॅटिन शब्दावरून. कापताना मऊ असणारा चिरा उघड्यावर टणक होतो, हे आपल्याकडच्या गवंड्याला सांगावे लागत नाही.

सह्याद्रीबाबतचा दावा अर्धाच चुकीचा आहे, म्हणून अधिक फसवा. महाराष्ट्रातील सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्हाच्या थरांचा आहे, हे खरे. परंतु गोव्यात ते थर ईशान्येच्या टोकाशी, सत्तरीच्या बाजूला, जेमतेम शिरतात. गोव्याच्या घाटातील दूधसागर धबधब्याचा ग्रॅनाइट तर २५० कोटी वर्षांहून जुना आहे. घाटाच्या कड्यामागे भूगर्भातील हालचाली आहेतच, पण त्या वेगळ्या: सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि पुढे सेशेल्स भारतापासून तुटून दूर गेले, आणि पश्चिमेची कड उघडी पडली. त्यानंतर नद्यांनी तो कडा कुरतडत पूर्वेकडे मागे नेला.

खाड्यांसाठी तर भूकंपाची गरजच नाही. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. बर्फ वितळल्यावर नद्यांनी कोरलेल्या दऱ्यांत तो शिरला. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या) बांधावरील मानशीची, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याच्या मोरीची, दारे आज जी भरती अडवतात, ती त्याच बुडालेल्या दऱ्यांतून आत येते.